मालमोटार उभी कोठे राहावी?

कोणत्याही शहरातील जुन्या बाजारपेठेत सकाळी दहाच्या सुमारास दिसणारे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. एका दुकानासमोर मालमोटार उभी असते. तिचा मागचा फाळका सोडलेला असतो आणि दोन हमाल पाठीवर पोती घेऊन पदपथ ओलांडीत असतात. मागे शहर वाहतुकीची बस अडकलेली असते. तिच्यात शाळेची घंटा चुकण्याच्या भीतीने घड्याळाकडे पाहणारे शिक्षक असतात, कचेरीच्या हजेरीत उशिराची खूण पडेल म्हणून अस्वस्थ झालेले कारकून असतात आणि परीक्षेला निघालेले विद्यार्थीही असतात. पदपथावर पोत्यांची थप्पी लागल्यामुळे एखादी वृद्ध स्त्री नातवाचा हात धरून भर रस्त्यात उतरते. या सर्वांचा राग एकाच माणसावर निघतो. तो माणूस म्हणजे मालमोटारीचा चालक.

हा राग स्वाभाविक आहे, परंतु तो अस्थानी आहे. चालकाने गाडी रस्त्यात उभी केली हे खरे; पण ती दुसरीकडे कोठे उभी करावी, असा प्रश्न त्याने विचारला तर आपल्यापाशी उत्तर नसते. त्याला माल त्याच दुकानात उतरवायचा आहे. त्या दुकानाच्या इमारतीत गाडी आत घेण्याजोगी जागा नाही. वाहतूक पोलिसाने दंड केला, तर तो आज ना उद्या भाड्यात मिळवला जातो, भाडे मालाच्या किमतीत मिळवले जाते आणि अखेर तो दंड बसमध्ये अडकलेला कारकूनच भरतो. मालमोटार मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभी असते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार नित्य चालू असताना या प्रश्नाचे मूळ रस्त्यावर नसून इमारतीच्या नकाशात आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

वस्तुतः नियम नाही, असे मुळीच नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. बृहन्मुंबईची नियमावली स्वतंत्र आहे. राज्याच्या या नियमावलीत वाहनतळाच्या जागांखेरीज माल चढविण्या-उतरविण्यासाठी वेगळी जागा ठेवण्याची तरतूद आहे. कचेऱ्या, बाजार, मोठी दुकाने, व्यापारी संकुले, तसेच उद्योग व साठवणीच्या इमारती यांना ती लागू होते. पहिले २०० चौरस मीटर चटईक्षेत्र सोडून द्यावे आणि त्यापुढील प्रत्येक १,००० चौरस मीटरला किंवा त्याच्या भागाला एक जागा ठेवावी. ही जागा ३.७५ मीटर रुंद व ७.५ मीटर लांब यापेक्षा लहान नसावी, असा तिचा आशय आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीतही हेच प्रमाण सांगितलेले आहे. म्हणजे कल्पना नवी नाही आणि परकीही नाही. आपल्या नगररचनाकारांना ती चांगली ठाऊक आहे.

या आकड्यांचा अर्थ थोडा उलगडून पाहावा. पावणेचार मीटर गुणिले साडेसात मीटर म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर, जुन्या मापाने जेमतेम ३०० चौरस फूट. समजा, एखाद्या व्यापारी इमारतीचे चटईक्षेत्र ५,२०० चौरस मीटर आहे. पहिले २०० वजा करता पाच जागा ठेवाव्या लागतील. त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे १४० चौरस मीटर होईल. इमारतीच्या चटईक्षेत्राशी ताडून पाहिले तर हे प्रमाण पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येते. शंभर रुपयांच्या व्यवहारात पावणेतीन रुपये आपल्या मालाच्या व्यवस्थेसाठी बाजूला ठेवावेत, एवढीच समाजाची मागणी आहे. ती अवाजवी आहे असे कोण म्हणेल?

परंतु नकाशावरची जागा आणि जमिनीवरची जागा यांत आपल्याकडे फार अंतर असते. बांधकाम परवानगीच्या वेळी नकाशात चौकोन आखलेला असतो, त्यावर अक्षरे लिहिलेली असतात आणि त्यावर शिक्का बसतो. भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत तो चौकोन रिकामाही राहतो. त्यानंतर प्रथम तेथे मालकाची मोटार उभी राहते. मग विद्युत जनित्र येते, मग खोक्यांची थप्पी, मग जाळीचे दार, आणि एक दिवस तेथे झेरॉक्सचे किंवा चहाचे दुकान थाटलेले दिसते. वाहनांसाठी सोडलेली जागा सामान्यतः चटईक्षेत्र निर्देशांकात मोजली जात नाही. म्हणून ती बळकावणाऱ्याला दुहेरी लाभ होतो. बांधताना ती हिशेबात नव्हती आणि वापरताना मात्र ती भाडे मिळवून देते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात परवानगीविरुद्ध केलेल्या वापराबद्दल नोटिशीची आणि शिक्षेची तरतूद आहे. पण तक्रार करावी कोणी? जागा गेल्याचा त्रास रस्त्यावरच्या हजारो माणसांना थोडा थोडा होतो आणि लाभ एकाच माणसाला पुरेपूर होतो. अशा व्यवहारात हजारो गप्प राहतात आणि एक जिंकतो, हा सार्वजनिक जीवनातील जुनाच अनुभव आहे.

इमारतीखालची मोकळी जागा कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट २०१० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की खांबांवर उभ्या असलेल्या इमारतीखालील वाहनतळ हा स्वतंत्रपणे विकता येण्याजोगा गाळा नव्हे. तो सर्वांच्या सामायिक उपयोगाचा भाग आहे. तो निर्णय सदनिकांसंबंधी होता हे खरे. तथापि त्यामागचा विचार आपल्या विषयालाही मार्गदर्शक ठरावा. मालमोटारीची जागा ही कोणा एका गाळेधारकाची मिळकत नाही. ती इमारतीतील सर्व गाळ्यांची आहे आणि तिच्या असण्या-नसण्याचा परिणाम रस्त्यावर होत असल्याने एका अर्थी ती सर्व नगराचीही आहे.

जागा प्रामाणिकपणे मोकळी ठेवली तरी ती उपयोगाची असेलच असे नाही. प्रस्तुत लेखकाने अलीकडे एका व्यापारी संकुलात कुतूहलाने चौकशी केली. तळघरात माल उतरविण्याची जागा पिवळ्या पट्ट्यांनी नीट आखलेली होती आणि ती रिकामीही होती. बाहेर रस्त्यावर मात्र दोन टेम्पो आणि एक मालमोटार उभी होती. पहारेकऱ्याला कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, कमान ठेंगणी आहे. गाडी आत शिरतच नाही.” नियम जागेची लांबी-रुंदी सांगतो, पण मालमोटारीला उंचीही असते. मोटारगाड्यांना पुरेल अशी अडीच मीटरची कमान बांधली, तर तीन-साडेतीन मीटर उंचीची मालमोटार आत जाणार कशी? तिला वळायलाही जागा लागते. आत शिरलेली गाडी उलटी चालवीत रस्त्यावर काढावी लागली, तर तिच्यापासूनचा धोका उभ्या गाडीपेक्षाही मोठा. आणि उतरविलेला माल गाळ्यापर्यंत नेण्यासाठी उद्वाहन किंवा उतरण नसेल, तर हमालाने तो तळघरातून जिन्याने चढवावा अशी अपेक्षा धरावी लागते. अशी जागा असून नसल्यासारखी.

येथे त्या हमालाचाही विचार केला पाहिजे, कारण वाहतुकीच्या चर्चेत त्याचे नाव कधी निघत नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेल्या माथाडी कामगारांच्या चळवळीचे ते फलित होते आणि त्याचा या राज्याला रास्त अभिमान आहे. त्याआधी दोनच वर्षे, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलोग्रॅम असावी अशी शिफारस केली होती. वजनाची मर्यादा महत्त्वाची आहेच. पण ओझे किती अंतर न्यायचे आणि कोणत्या वाटेने न्यायचे, यालाही तितकेच महत्त्व आहे. गाडीच्या पाठीला पाठ लावून चौथरा असेल, तर पोते हातगाड्यावर सरकते आणि दहा पावलांत गाळ्यात पोचते. गाडी रस्त्यापलीकडे उभी असेल, तर तेच पोते पाठीवर घेऊन दुचाकींच्या गर्दीतून, पदपथाच्या उंबऱ्यावरून, उघड्या गटाराला वळसा घालून न्यावे लागते. कायद्याने त्याला भविष्यनिर्वाह निधी दिला. इमारतीच्या नकाशाने त्याला दहा फुटांचा चौथरा दिला नाही. शिल्पकाराने आखलेली प्रत्येक रेघ कोणाच्या तरी पाठीवर जाऊन पडते, हे शिल्पशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रथम वर्षातच शिकवायला हवे.

आता जुन्या पेठांकडे वळू. तेथे वरील नियम मुळात पोचतच नाही. पहिले २०० चौरस मीटर सोडून देण्याची सवलत लहान बांधकामांना दिलासा देण्यासाठी आहे आणि ती समजण्याजोगी आहे. पण जुना बाजार लहान लहान दुकानांचाच बनलेला असतो. ज्या गल्लीत प्रत्येक इमारत सवलतीस पात्र असते, त्या गल्लीत सगळी मिळून एकही जागा उरत नाही. कापड, कागद, लोखंडी सामान, भांडी, औषधे असा सारा माल तेथे रोज येतो आणि जातो. मुंबईतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ साली वाशीला हलविण्यात आला आणि भाजीपाल्याचा घाऊक बाजार १९९६ मध्ये त्याच वाटेने गेला. पुण्यात मंडईतील घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला. या स्थलांतरांमुळे शहरांच्या मध्यभागाला मोठा मोकळा श्वास मिळाला, यात शंका नाही. परंतु सगळाच व्यापार उचलून शहराबाहेर नेता येत नाही आणि नेऊही नये. पेठ ओस पडली तर शहराचा प्राण जातो. तेव्हा पेठेत व्यापार राहणार, व्यापार राहिला की माल येणार आणि माल आला की गाडी येणार, हे गृहीत धरूनच योजना आखली पाहिजे.

आपल्या शहरांनी यावर काढलेला सोपा तोडगा म्हणजे जड वाहनांना दिवसा बंदी. दिवसा गर्दी असते, म्हणून मालमोटारींनी रात्री यावे. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण आपल्या पेठांत दुकानाच्या वरच्या मजल्यावर माणसे राहतात. रात्री दोन वाजता लोखंडी सळया उतरू लागल्या, की दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करून नुकताच झोपलेला मुलगा दचकून उठतो. लंडनने १९८५ पासून अवजड मालमोटारींवर निर्बंध घातले आहेत. ते रात्रीसाठी आणि शनिवार-रविवारच्या सुटीसाठी आहेत, कारण तेथे नागरिकांच्या झोपेचा विचार झाला. आपण नेमका उलटा विचार केला. शिवाय दिवसाच्या बंदीतून लहान टेम्पो सुटतात. एका मालमोटारीचा माल पाच टेम्पोंत भरला जातो आणि एका अडथळ्याचे पाच अडथळे होतात. बंदीने मालाची गरज नाहीशी होत नाही, ती केवळ रूप पालटते.

परदेशाचा दाखला द्यायचाच, तर न्यूयॉर्कचा द्यावा, कारण त्या शहराला ही अडचण फार आधी आली. १९१६ साली तेथे विभागीकरणाचा कायदा झाला. त्यामागे उंच इमारतींच्या सावलीचा प्रश्न होता, तसाच फिफ्थ ॲव्हेन्यूवरील बड्या दुकानदारांना जवळ सरकणारे शिवणकामाचे कारखाने नको होते, हेही एक कारण होते. कपड्यांचा तो व्यवसाय पुढे शहराच्या एका भागात एकवटला. तेथील उंच इमारतींतून तयार कपड्यांनी भरलेल्या चाकांच्या दांड्या ढकलीत मजूर मोटारींच्या गर्दीतून वाट काढीत, आणि ते दृश्य त्या शहराची ओळखच बनून गेले. १९६१ च्या नव्या नियमावलीत नव्या इमारतींना रस्त्याबाहेर माल चढविण्या-उतरविण्याच्या जागा ठेवणे आवश्यक करण्यात आले. तरीही जुन्या इमारती जुन्याच राहिल्या, म्हणून तेथील रस्त्यांवर आजही मालवाहू गाड्या दुहेरी रांगेत उभ्या दिसतात. यावरून घ्यायचा बोध सरळ आहे. इमारत एकदा उभी राहिली, की तिच्या पोटात जागा निर्माण करता येत नाही. जे करायचे ते पाया खणण्यापूर्वी केले पाहिजे. ज्या शहरांत रोज नवे पाये खणले जात आहेत, त्यांना ही संधी अजून आहे. आपली शहरे अशीच आहेत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. वाहनांसाठी सक्तीने जागा ठेवायला लावणे हे धोरणच चुकीचे असून त्यामुळे बांधकाम महागते आणि मोटारींना उत्तेजन मिळते, असे अनेक नगररचनाकार अलीकडे सांगू लागले आहेत. अमेरिकेतील बफेलो शहराने तर २०१७ मध्ये वाहनतळाच्या किमान सक्तीचा नियमच रद्द केला. मोटारगाड्यांपुरता हा विचार आम्हांस पटतो. परंतु मोटार आणि मालमोटार यांत एक मूलभूत भेद आहे. माणूस बसने येऊ शकतो. साखरेचे पोते बसने येत नाही. कारकुनाला चालत जा असे सांगता येते, सिमेंटला सांगता येत नाही. म्हणून जागा कमीच असेल, तर खाजगी मोटारींच्या जागेतून कपात करावी. मालाची जागा कायम ठेवावी. आज होते ते नेमके याच्या उलट. मोटारींच्या एकेका जागेसाठी गाळेधारक भांडतात, कारण त्या जागेला मालक असतो. मालमोटारीच्या जागेला वाली नसतो.

नियमातही काही सुधारणा हव्यात. आज वकिलांच्या कचेऱ्यांची इमारत आणि किराण्याचे मोठे दुकान यांना एकच मोजपट्टी लागू होते. एका ठिकाणी दिवसाकाठी कागदांची दोन खोकी येतील, दुसऱ्या ठिकाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाड्यांची रांग लागेल. क्षेत्रफळाइतकाच व्यवसायाचा प्रकारही पाहिला पाहिजे. घरपोच माल देणाऱ्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत निवासी वस्त्यांतील लहान गाळ्यांत कोठारे थाटली आहेत. तेथे ग्राहक पाऊल ठेवीत नाही, पण माल आणणारे टेम्पो आणि माल नेणारे दुचाकीस्वार यांची वर्दळ अखंड असते. क्षेत्रफळ लहान म्हणून हे गाळे नियमातून निसटतात आणि त्यांचा सारा भार सोसायटीसमोरच्या अरुंद रस्त्यावर पडतो.

यासाठी तीन गोष्टी करता येतील आणि त्यांना फार मोठा खर्चही लागणार नाही. पहिली गोष्ट, भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी महापालिकेच्या अभियंत्याने नकाशा आणि फीत घेऊन जाण्याऐवजी एक भरलेली मालमोटार घेऊन जावे. ती गाडी रस्त्यावरून आत जाते का, वळते का, तिच्यातील एक पोते वरच्या मजल्यावरील गाळ्यात पोचते का आणि गाडी समोरचे तोंड रस्त्याकडे करून बाहेर येते का, हे प्रत्यक्ष पाहावे. एवढी परीक्षा पुरेशी आहे. दुसरी गोष्ट, या जागांची संख्या आणि स्थान इमारतीच्या दर्शनी भागावर फलकाने जाहीर करावे आणि वर्षातून एकदा त्यांची पाहणी व्हावी. जागा बळकावल्याचे आढळल्यास दंड चालकाला न करता इमारतीच्या मालकांना करावा. तिसरी गोष्ट जुन्या पेठांसाठी. तेथे प्रत्येक इमारतीकडून जागा मागणे व्यर्थ आहे, म्हणून गल्लीची मिळून एक जागा करावी. पडक्या वाड्याच्या पुनर्विकासाच्या वेळी, जुन्या वखारीच्या जागी किंवा पालिकेच्या स्वतःच्या मोकळ्या भूखंडावर हे साधता येईल. जेथे तेही शक्य नाही, तेथे रस्त्याच्या कडेची मोटारींची काही जागा काढून घेऊन ती ठरावीक वेळांत माल उतरविण्यासाठी राखून ठेवावी. तेथून पुढचा प्रवास हातगाडीने होईल. तो आजही तसाच होतो, फक्त आज त्याला सुरक्षित वाट नाही.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनी या मागण्यांना विरोध करू नये, अशी त्यांना विनंती करावीशी वाटते. रस्ता तुंबला की गिऱ्हाईक पेठेकडे फिरकत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? तीनशे चौरस फुटांचे भाडे वाचविण्याच्या नादात आपण दारातले गिऱ्हाईक गमावीत आहोत काय, याचा हिशेब त्यांनी आपल्या वहीत एकदा मांडून पाहावा.

शेवटी हा प्रश्न मालमोटारीचा नाही. सार्वजनिक जागा आणि खाजगी लाभ यांच्यामधली सीमारेषा कोठे आखायची, असा तो प्रश्न आहे. स्वतःच्या भूखंडावर ठेवायची जागा विकून टाकायची आणि तिची गरज मात्र रस्त्यावर भागवायची, हा व्यवहार आपण इतकी वर्षे चालू दिला. रस्ता सर्वांचा म्हणून तो कोणाचाच नाही, असे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. बसमध्ये खोळंबलेल्या माणसांनी पुढच्या वेळी समोरच्या मालमोटारीकडे पाहताना तिच्या मागच्या इमारतीकडेही नजर टाकावी आणि या इमारतीच्या नकाशात मालासाठी आखलेली जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, एवढे विचारावे. नागरिक हा प्रश्न विचारू लागले, की महापालिकेला त्याचे उत्तर शोधावेच लागेल.